अ‍ॅक्वेरियम कंट्रोलर घरच्या नेटला जोडताना: आधी टँक, मग वायफाय

अ‍ॅक्वेरियम कंट्रोलर म्हणजे टँकचं तापमान वगैरे मोजून हीटर, फिल्टर, लाइट यांची सॉकेटं चालू-बंद करणारा डबा. तो घरी आला की बहुतेक जण सगळ्यात आधी मोबाइलवर अ‍ॅप उतरवून घेतात. मग वायफायचा पासवर्ड, मग तासभर ‘डिव्हाइस सापडत नाही’, आणि शेवटी कंटाळून हीटरचा प्लग पुन्हा भिंतीतल्या सॉकेटात. इथे क्रमच उलटा झालेला असतो. टँक सांभाळणं हे कंट्रोलरचं काम आणि ते त्याला नेट नसतानाही जमलं पाहिजे. नेट लागतं ते लांबून बघायला आणि काही बिघडलं तर आपल्याला हाक मारायला. म्हणून या लेखात वायफायचा पासवर्ड चौथ्या टप्प्यावर येतो. त्याआधीचे तीन टप्पे गाळू नका.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा क्रम पाळायला आणखी कारणं आहेत. वळवाच्या पावसात करंट जातो, येतो, परत जातो. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात रात्रीचा पारा १२ ते १४ अंशांपर्यंत उतरतो. त्या रात्री हीटर नेटच्या भरवशावर असेल तर सकाळी मासे तळाशी बसलेले दिसतात. त्यात जुन्या घरांच्या जांभ्या दगडाच्या भिंती, ज्यातून वायफाय धड पलीकडे जात नाही.

## तयारी: आधी काय जमवायचं

काहीही जोडण्याआधी कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या: कंट्रोलरचा मॅक अ‍ॅड्रेस (मागच्या स्टिकरवर दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या असतात), वायफायचं नाव, वायफायचा पासवर्ड, राउटरच्या सेटिंगचं पान उघडायचा पासवर्ड, आणि टँकवरच्या प्रत्येक यंत्राचे वॅट.

यातली चौथी गोष्ट, म्हणजे सेटिंगचा पासवर्ड, बहुतेकांकडे नसते. वायफायचा पासवर्ड वेगळा, सेटिंगचा वेगळा. फायबर जोडायला आलेला माणूस स्वतःच्या सोयीने सेटिंगचा पासवर्ड ठेवून जातो आणि आपण चहा देऊन त्याला निरोप देतो. कन्नडात विचारा नाहीतर मराठीत, पण तो जिना उतरायच्या आत विचारा. आता हाताशी नसेल तर नेटवाल्याला फोन करून मिळवा, त्याशिवाय पुढचे निम्मे टप्पे होणार नाहीत.

कंट्रोलरच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी शोधा. पहिली, वेळापत्रक कंट्रोलरच्या आत साठतं की कंपनीच्या सर्व्हरवर. स्वस्तातल्या स्मार्ट प्लगांपैकी काही सर्व्हरच्या हुकमाशिवाय हलत नाहीत. असा प्लग लाइटला चालेल, हीटरला नको. दुसरी, व्होल्टेज. नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेल्या कंट्रोलरची सॉकेटपट्टी बहुधा १२० व्होल्टची असते. आपल्याकडे २३० व्होल्ट.

इशारा: १२० व्होल्टची पट्टी नुसता पिन बदलणारा अ‍ॅडॅप्टर लावून भिंतीत घालू नका. तो अ‍ॅडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही.

## टप्पा १: पाणी आणि वीज यांची आधी ताटातूट

कंट्रोलर आणि त्याची सॉकेटपट्टी टँकखालच्या कपाटात ठेवायचा मोह होतो, कारण वायरी दिसत नाहीत. पण तिथे दमट हवा कोंडते, खाऱ्या पाण्याचा टँक असेल तर मिठाचा पांढरा थर पसरतो आणि सहा महिन्यांत लॅन केबलच्या टोकावरच्या पितळी रेघा हिरव्या पडतात. खानापूरकडच्या पावसात तर त्याहून लवकर. पट्टी टँकच्या शेजारच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या वर, बाजूला सरकवून ठोका. टँकच्या बरोबर वर नको.

प्रत्येक वायर सॉकेटात जाण्याआधी खाली झोळ घेईल इतकी सैल सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटात शिरणार नाही. हा नियम लॅन केबलला आणि प्रोबच्या (पाण्यात बुडवायच्या मोजणाऱ्या कांडीच्या) वायरींनाही लागू.

टँकच्या लाइनवर ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाइन तोडणारा खटका) हवी. दुकानात ‘ईएलसीबी’ म्हटलं तरी तीच दाखवतात. अर्थिंग खरंच आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, तिसऱ्या भोकामागे वायर नसते.

तपासा: आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबा. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर इथेच थांबा, आधी वायरमन बोलवा.

## टप्पा २: नेटशिवाय टँक चालवून दाखवा

आता कंट्रोलर चालू करा, वायफाय न जोडता. बऱ्याच कंट्रोलरना स्वतःचा छोटा पडदा असतो, काही स्वतःचं हॉटस्पॉट काढतात आणि मोबाइल त्याला जोडून सेटिंग करता येतं. काहींना नेटशिवाय वेळच समजत नाही. तसा असेल तर निदान तापमानाचा नियम तरी आतच बसवता येतो का ते बघा.

तापमानाचा प्रोब वाहत्या पाण्यात ठेवा, पण हीटरच्या शेजारी नको. पीएच प्रोब असेल तर आधी कॅलिब्रेट करा, म्हणजे माहीत असलेल्या पीएचच्या द्रावणात बुडवून आकडा जुळवून घ्या. नंतर करू म्हटलेलं राहून जातं आणि चुकीचा आकडा अ‍ॅपवर झोकात दिसत राहतो.

हीटरचं गणित नीट समजून घ्या, कारण मासे सगळ्यात जास्त इथेच जातात. समजा टँक २६ अंशांवर ठेवायचा आहे. कंट्रोलरला सांगा: २५.७ ला चालू, २६.२ ला बंद. आणि हीटरच्या स्वतःच्या डोक्यावरची चकती २७ ते २८ च्या मध्ये ठेवा, कमाल टोकाला नको. कंट्रोलरच्या रिलेचे (सॉकेट चालू-बंद करणाऱ्या आतल्या खटक्याचे) संपर्क कधीकधी चिकटून बसतात आणि सॉकेट बंदच होत नाही. चकती ३४ वर असेल तर पाणी शिजेल. २८ वर असेल तर हीटर स्वतःहून थांबेल. उलट चकती २५ वर ठेवली तर कंट्रोलर बोंबलत राहील आणि हीटर तापणार नाही.

पुढचं सेटिंग म्हणजे संपर्क तुटला तर प्रत्येक सॉकेटने काय करायचं. काही कंट्रोलरमध्ये याला ‘फॉलबॅक’ म्हणतात. मुख्य मेंदू बंद पडला किंवा त्याची सॉकेटपट्टीशी जोडणी तुटली तर पट्टी ही अवस्था घेते. मी असं ठेवतो: फिल्टर आणि पंप चालू, हीटर चालू (त्याची स्वतःची चकती आहे म्हणूनच), लाइट बंद, कार्बन डायऑक्साइडचा व्हॉल्व्ह बंद, डोसिंग पंप (द्रावणं मोजून टँकमध्ये सोडणारा) बंद, पाणी भरणारा पंप बंद. जे वाढलं तर मारतं ते बंद, जे थांबलं तर मारतं ते चालू.

तपासा: टँक एक पूर्ण दिवस-रात्र असाच चालू द्या. कंट्रोलरवरचा आकडा आणि साधा काचेचा थर्मामीटर यांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर तो आधी मिटवा.

## टप्पा ३: राउटरला कंट्रोलरच्या लायक करा

घरगुती कंट्रोलर आणि स्मार्ट प्लग बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. आजकालचे राउटर २.४ आणि ५ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कुणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. जोडणीच्या वेळी मोबाइल ५ वर असतो, कंट्रोलर २.४ शोधत असतो आणि दोघांची गाठ पडत नाही. राउटरच्या पानावर जाऊन ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ बंद करा आणि २.४ ला वेगळं नाव द्या.

ते नाव साध्या रोमन अक्षरांत ठेवा. मराठीत नाव ठेवायची हौस समजते, पण वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजून जेमतेम दहा चिन्हं बसतात आणि छोट्या यंत्रांना ती वाचताही येत नाहीत. मोकळी जागा आणि चित्रंही नकोत. पासवर्डात अक्षरं आणि आकडे पुरेत, अवतरणचिन्हं टाळा.

सुरक्षा ‘डब्ल्यूपीए-२’ ठेवा. फक्त ‘डब्ल्यूपीए-३’ ठेवलं तर जुनी यंत्रं जोडली जात नाहीत. चॅनेल ‘ऑटो’ वरून काढून १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर शेजाऱ्यांची गर्दी कमी तो घ्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ऑटोवर राउटर कधीतरी १२ किंवा १३ वर जातो. आपल्याकडे ते चालतात, पण अमेरिकेसाठी बनवलेल्या यंत्राला ते दोन दिसतच नाहीत. मग ‘काल चालत होतं, आज नाही’ सुरू होतं.

आता दोन डब्यांचा घोळ. नेटवाल्याचा फायबरचा डबा स्वतःच वायफाय देतो आणि आपण वर दुसरा चांगला राउटर आणून लावतो. घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. मोबाइल एकावर, कंट्रोलर दुसऱ्यावर, आणि अ‍ॅप म्हणतं सापडत नाही. उपाय दोन: नेटवाल्याच्या डब्याचं वायफाय बंद करून सगळं आपल्या राउटरवर आणा, किंवा आपला राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता नुसतं वायफाय पसरवतो. दुसरा सोपा आणि बहुतेक घरांना पुरतो. ‘गेस्ट’ नेटवर्कवरही कंट्रोलर टाकू नका. तिथे यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाहीत.

तपासा: कंट्रोलर जिथे बसणार त्या जागी, कपाटाचं दार लावून, मोबाइलवर सिग्नलचा आकडा बघा. तो दाखवणारी फुकट अ‍ॅप्स आहेत. उणे ६७ किंवा त्याहून बरा (उणे ६०, उणे ५०) असेल तर उत्तम. उणे ७५ च्या खाली गेला तर पुढे जाऊ नका. राउटर आणि कंट्रोलर यांच्या मधोमध टँक येत असेल तर एकाला बाजूला सरकवा, पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं. जांभ्याची भिंत आड येत असेल तर राउटर दारासमोर आणा. भिंतीतून जात नाही ते दारातून जातं.

## टप्पा ४: जोडणी

लॅन केबल आणि वायफाय दोन्हीची सोय असेल तर एरवी मी केबलच घ्या म्हणेन. पासवर्डाची भानगड नाही, सिग्नलची नाही. पण आपल्या भागात एक अपवाद आहे. अनेक गल्ल्यांत नेट अजून फायबरने घरात येत नाही. केबलवाला तांब्याची लॅन केबल गच्च्यांवरून आणि खांबांवरून ओढून आणतो. एप्रिल-मेच्या वळवात वीज कडाडली की त्या तांब्यातून झटका राउटरच्या पोर्टात उतरतो आणि पुढे केबलने जे जे जोडलं असेल त्यात. तुमच्या घरात येणारी तार तांब्याची असेल तर कंट्रोलर वायफायवरच ठेवा. फायबर काचेचं, त्यातून करंट वाहत नाही, तिथे केबल बिनधास्त लावा.

वायफायने जोडताना मोबाइलची तयारी आधी करा. मोबाइल डेटा बंद, व्हीपीएन बंद, लोकेशन चालू. अँड्रॉइडला लोकेशनच्या परवानगीशिवाय जवळची वायफाय नावं अ‍ॅपला दाखवता येत नाहीत. आयफोनवर अ‍ॅप ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी मागतं, तिला होकार द्या. चुकून नकार दिला असेल तर सेटिंगमधल्या प्रायव्हसीत जाऊन बदला.

मग पुढच्या क्रमाने:

१. मोबाइल राउटरच्या २.४ वाल्या नावाला जोडा.
२. कंट्रोलर जोडणीच्या मोडवर टाका, बहुधा बटण पाच-दहा सेकंद दाबून, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत.
३. अ‍ॅपने सांगितलं तर मोबाइल कंट्रोलरच्या हॉटस्पॉटला जोडा. ‘या वायफायवर इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का?’ असं मोबाइल विचारेल. ‘हो’ म्हणा. निम्म्या लोकांचं घोडं इथेच अडतं: मोबाइल डेटा चालू असतो, फोन गुपचूप त्यावर पळतो आणि अ‍ॅपचं कंट्रोलरशी बोलणं तुटतं.
४. घरच्या वायफायचं नाव यादीतून निवडा, हाताने टाइप करू नका. पासवर्ड टाकताना डोळ्याच्या खुणेवर दाबून तो वाचून घ्या.
५. दिवा स्थिर होईपर्यंत दोन मिनिटं काहीही दाबू नका.

इशारा: तिसऱ्यांदा जमलं नाही तर चौथ्यांदा तेच करू नका. टप्पा ३ कडे परत जा. बटण तीस सेकंद दाबून ‘फॅक्टरी रीसेट’ मारलात तर टप्पा २ मधलं सगळं सेटिंग पुसलं जाईल आणि हीटर नियमाशिवाय राहील.

## टप्पा ५: पत्ता पक्का करा

राउटर प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता देतो आणि तो बदलू शकतो. आज कंट्रोलर १९२.१६८.१.७ वर असेल, करंट जाऊन आल्यावर १२ वर. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेलं पान मग उघडत नाही.

राउटरच्या पानावर ‘डीएचसीपी’खाली ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. तिथे तयारीत लिहून घेतलेला मॅक अ‍ॅड्रेस टाका आणि एक कायमचा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. मग कंट्रोलर बंद करून चालू करा. पत्ता कंट्रोलरच्या आत हाताने भरायची पद्धतही आहे, पण मला ती पटत नाही. उद्या नेटवाल्याने डबा बदलला आणि नवा डबा १९२.१६८.० ने पत्ते देऊ लागला, तर हाताने भरलेला कंट्रोलर अनाथ होतो. राउटरमध्ये पत्ता राखला असेल तर तो निदान नव्या घरात शिरतो तरी.

## टप्पा ६: घड्याळ

भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. काही कंट्रोलरच्या यादीत पूर्ण तासांचेच पर्याय असतात आणि लोक ५ किंवा ६ निवडून मोकळे होतात. मग लाइट अर्धा तास मागेपुढे. यादीत ‘कोलकाता’ शोधा. उन्हाळी वेळेचा खटका दिसला तर बंद ठेवा, आपल्याकडे ती पद्धत नाही.

## टप्पा ७: बाहेरून बघणं आणि हाक

मोबाइलचं वायफाय बंद करा, डेटा चालू करा, अ‍ॅप उघडा. तापमान दिसलं म्हणजे बाहेरून बघणं जमलं. सोफ्यावर बसून वायफायवर अ‍ॅप चाललं, एवढ्यावर हा टप्पा झाला समजू नका.

कुणी ‘पोर्ट फॉरवर्डिंग कर’ (म्हणजे बाहेरून थेट कंट्रोलरपर्यंत यायची वाट राउटरमध्ये उघड) असं सांगेल. करू नका. एक तर कंट्रोलरचं पान सगळ्या जगाला उघडं पडतं. दुसरं, अनेक घरगुती जोडण्यांत ते चालतही नाही. राउटरच्या स्थितीच्या पानावर बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्या मधल्या आकड्याने सुरू होत असेल तर नेटवाला अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतो आणि बाहेरून तुमच्या दारापर्यंत थेट येताच येत नाही. कंपनीची क्लाउड सेवा वापरा आणि डब्यातून येताना असलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला.

मग सूचना लावा. उष्ण पाण्याच्या माशांच्या साध्या टँकसाठी २४ च्या खाली आणि २९ च्या वर, दहा मिनिटं तसंच राहिलं तर हाक. दहा मिनिटांची अट नसेल तर पाणी बदलताना फोन ओरडत राहतो आणि दोन आठवड्यांत तुम्हीच सूचना बंद करता. ‘कंट्रोलर ऑफलाइन’ची सूचनाही चालू ठेवा. ती कंट्रोलर पाठवत नाही, कंपनीचा सर्व्हर पाठवतो, म्हणून घरातलं सगळं मेलं तरी ती येते. मोबाइलच्या बॅटरी बचतीतून अ‍ॅपला वगळा, नाहीतर रात्रीची सूचना सकाळी चहाबरोबर मिळेल.

तपासा: पेल्यात कोमट पाणी घ्या, साधारण ३२ अंशांचं. तापमानाचा प्रोब टँकमधून काढून त्यात बुडवा आणि पंधरा मिनिटं थांबा. आकडा चढेल, हीटरचा दिवा विझेल, फोन वाजेल. तिन्ही गोष्टी झाल्या पाहिजेत. प्रोब परत टँकमध्ये ठेवायला विसरू नका. पेल्यातलं पाणी निवलं की कंट्रोलर टँक तापवत बसेल.

## टप्पा ८: करंट घालवून बघा

हा टप्पा सगळे टाळतात. सुट्टीच्या दिवशी, दिवसा, मेन स्विच पाडा. पाच मिनिटं थांबा. चालू करा.

कंट्रोलर काही सेकंदांत जागा होतो, राउटर आणि फायबरचा डबा दोन-तीन मिनिटं घेतात. तोवर वायफाय न सापडल्याने काही कंट्रोलर वैतागून जोडणीच्या मोडवर जातात आणि तिथेच बसतात. तुमचा तसा निघाला तर दोन उपाय: कंट्रोलरमध्ये ‘पुन्हा प्रयत्न’चं सेटिंग शोधा, किंवा राउटरला छोटा यूपीएस लावा म्हणजे तो कधी बंदच होत नाही. यूपीएस घेताना राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा. बरेच १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही लावा.

फायबर असेल तर गल्लीतला करंट गेला तरी नेट बहुधा टिकतं, कारण गल्लीतल्या फायबरच्या फाट्यांना वीज लागत नाही. खांबावरच्या डब्यातून तांब्याची केबल येत असेल तर त्या डब्याला वीज लागते. तो मेला की तुमचा यूपीएस नुसता दिवे दाखवत बसतो. अशा घरात ‘ऑफलाइन’ सूचनेवरच भरवसा ठेवा आणि ती आली की घरी कुणाला तरी फोन करा. त्यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप टँकपाशी ठेवा आणि तो कसा लावायचा ते घरातल्यांना दाखवून ठेवा.

घरच्या इन्व्हर्टरवर कंट्रोलर आणि फिल्टर घ्या, हीटर नको. एक २०० वॅटचा हीटर बॅटरी झपाट्याने खातो, आणि जाड काचेच्या मोठ्या टँकचं पाणी काही तास तरी तग धरतं. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर पंप गुरगुरतो आणि तापतो. हात लावून बघा.

तपासा: करंट आल्यावर दहा मिनिटांनी चारच गोष्टी. फिल्टर वाहतोय? हीटर कंट्रोलरच्या हुकमात आहे? घड्याळ बरोबर आहे? मोबाइल डेटावर अ‍ॅप उघडतंय? आणि राउटर बंद करून एक रात्र तशीच काढा. सकाळी लाइट वेळेवर लागला, पाणी २६ वर असलं, तर टप्पा २ नीट झालाय.

## नंतर लक्षात ठेवायचं

फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट गावाला निघायच्या आदल्या रात्री करू नका. घरी असताना, दिवसा करा आणि नंतर वेळापत्रक आणि फॉलबॅक जागेवर आहेत का बघा. ‘आपोआप अपडेट’ बंद ठेवलेलं बरं.

नेटवाला बदलला किंवा नवा राउटर आला तर नव्या राउटरला जुनंच वायफाय नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षर न् अक्षर तेच, २.४ वेगळं ठेवून. कंट्रोलरला बदल झाल्याचं कळणारही नाही. पत्ता राखायचं काम तेवढं नव्या राउटरमध्ये पुन्हा करावं लागेल, त्यासाठी तो मॅक अ‍ॅड्रेसचा कागद टँकच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.